रुखवतातील शोभेची बिस्किटे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी मी काही बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. परातीपुढे बसून बोलण्याची आहे. पण त्या म्हणाल्या, "परातीपुढे जे बोलता तेच बोला." म्हणून आज रुखवतातील शोभेच्या बिस्किटांविषयी चार गोष्टी सांगणार आहे. ती करावी कशी आणि टिकवावी कशी हे तर सांगेनच, पण शेवटी ती कशासाठी करावी याविषयीही थोडे बोलेन.

माझे माहेर शिरूरचे आणि सासर दौंडचे. घोड नदी शिरूरवरून वाहत पुढे भीमेला मिळते आणि भीमा दौंडवरून जाते. तशीच मीही त्या काठावरून या काठावर आले. येताना आईने रुखवतात दिलेले डबे बरोबर होते. त्यांत लाडू, करंज्या, चिरोटे, कडबोळी होतीच. पण आईला अभिमान वाटे तो वळवटाचा. गव्हले, मालत्या, नखुले, फेणुले आणि शेवया अशी पाच प्रकारची वळवटे तिने स्वतः वळली होती. गव्हला गव्हाच्या दाण्याएवढा, नखुला नखाने दाबलेला, फेणुला स्वच्छ फणीवर फिरवून रेघा उठविलेला. नावे घरोघर थोडी बदलतात, पण काम एकच. रवा भिजवायचा, मळायचा, बोटांच्या चिमटीत वळायचा आणि सावलीत खडखडीत वाळवायचा. ताटात मांडले की शोभा, आणि दुधात शिजविले की खीर!

दौंडला आल्यावर आमच्या शेजारी रेल्वेत नोकरी असलेले एक गोव्याकडचे कुटुंब राहत होते. दौंड हे जंक्शनचे गाव, त्यामुळे नाना प्रांतांची माणसे येथे शेजारी म्हणून लाभतात. नाताळात त्या बाई 'कुलकुल' करीत. मैद्याची लहानशी गोळी फणीवर दाबून गुंडाळायची, तळायची आणि साखरेत घोळायची. मी पाहिले आणि हसूच आले. ही तर माझ्या आईची फेणुली! फरक एवढाच की आमची वाळवून खिरीत जाते आणि त्यांची तळून बशीत येते. त्यांच्याचकडे मी भट्टीतील बिस्किटांवर साखरेची नक्षी काढण्यास शिकले. तेव्हा बिस्किटांची ही कला परकी आहे असे कोणी म्हटले, तर मला ते पटत नाही. नानकटाई सुरतेकडून आली असे मानतात. ती आज आपल्या रुखवतात घरच्यासारखी बसली आहे.

आणखी एक आपली जुनी कला आठवा. संक्रांतीला नव्या सुनेला हलव्याचे दागिने घालतात. लहान मुलांचे बोरन्हाण करतात, तेव्हा त्यांनाही मुकुट, बाजूबंद, हार, बासरी असे सारे हलव्याचेच. तीळ, खसखस किंवा साबुदाणा परातीत घ्यायचा, खाली मंद आच ठेवायची, चमचा-चमचा पाक सोडायचा आणि हात सारखा फिरवीत राहायचे. काही दिवसांनी एकेका दाण्यावर काटा उभा राहतो. तो काटा पौषातच चांगला येतो, कारण त्या दिवसांत हवा थंड आणि कोरडी असते. ज्या बाईने हलवा केला आहे तिला शोभेच्या बिस्किटांचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही. साखरेची मैत्री कोरड्या हवेशी आणि वैर दमट हवेशी, हेच ते मर्म.

हे मला ठाऊक असूनही एकदा मी चुकले. ती हकीगत सांगितल्यावाचून पुढचे बोलणे खरे होणार नाही.

२०११ साली जून महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचे लग्न दौंडला होते. मुलीकडची मंडळी शिरूरची. "ताई, रुखवत तू कर, चारजणींत उठून दिसले पाहिजे," असे बहीण म्हणाली. मला हौस फार. मी बिस्किटांचा चौसोपी वाडा करावयाचे ठरविले. भिंती बिस्किटांच्या, खिडक्या साखरेच्या, अंगणात तुळशीवृंदावन. सांधे जोडण्यासाठी साखर कढईत वितळवून लावली, कारण ती क्षणात घट्ट होते. वृंदावनाला चकाकी यावी म्हणून त्यावर लाकडाला लावण्याचे व्हार्निश फासले. होय, मीच फासले. "हे कोण खाणार आहे?" असे मनाशी म्हटले.

वाडा पूर्ण उभा करूनच टेम्पोत चढविला. न्हावरा मागे पडला आणि चौफुला यावयाच्या आत पावसाची सर आली. ताडपत्री होती, म्हणून वाडा भिजला नाही. पण हवा ओली झाली. कार्यालयात मांडला तेव्हा उभा होता. दुपारपर्यंत वितळविलेल्या साखरेचे सांधे चिकट झाले, आणि सीमांतपूजनाच्या वेळी एक भिंत आपोआप आत कलली. तोवर मुंग्यांनीही वाट काढली होती. बहिणीचा चेहरा पाहवेना. तीन रात्री ती माझ्याबरोबर जागली होती.

पण खरे संकट पुढेच होते. भिंत सावरण्याच्या गडबडीत आमचे लक्ष नव्हते. पाहुण्यांतील चार वर्षांच्या एका मुलाने वृंदावनाचा तुकडा उचलला आणि तोंडात घातला. गोड लागले म्हणून गिळलाही. मग ओकाऱ्या सुरू झाल्या. डॉक्टरांकडे नेले, सुदैवाने संध्याकाळपर्यंत मूल खेळू लागले. मी त्याच्या आईपुढे उभी राहिले, तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. मुलाकडच्या विहीणबाई जवळ आल्या आणि एवढेच म्हणाल्या, "वाडा पडला तर पडू द्या हो. पोर बरे आहे ना?" त्यांचे ते वाक्य मी आजवर विसरले नाही. ज्यांच्यापुढे उठून दिसावे म्हणून आम्ही तीन रात्री जागलो, त्यांना वाड्याचे काहीच नव्हते!

त्या रुखवतातील बाकी सारे गेले. टिकले ते आईच्या पद्धतीने वळलेले वळवट. श्रावणात भाचीने त्याची खीर केली आणि आम्हांला निरोप धाडला, "मावशी, खीर छान झाली." तेव्हापासून मी हे काम पुन्हा पहिल्यापासून शिकले. जे शिकले ते आता सांगते.

शोभेच्या बिस्किटाचे चार शत्रू आहेत: ओल, तूप, उजेड आणि किडामुंगी.

पहिली ओल. बिस्किट कुरकुरीत राहते ते त्यातील पाणी निघून गेलेले असते म्हणून. ते पाणी हवेतून पुन्हा आत आले की बिस्किट मऊ पडते, वाकते आणि पुढे त्यावर बुरशीही धरते. आपले दोन्ही तालुके पर्जन्यछायेत आहेत. वर्षातील पुष्कळ महिने हवा कोरडी असते, हे या कामापुरते आपले भाग्यच समजा. परंतु मृगापासून हस्तापर्यंत त्यावर विसंबू नये. उसाच्या मुलखात राहत असल्यामुळे गूळ वापरण्याचा मोह होतो. खाण्याच्या बिस्किटांत तो अवश्य घाला, पण शोभेच्या बिस्किटांत नको. साखरेपेक्षा गूळ हवेतील ओल अधिक ओढतो. कढईत वितळवून तांबूस केलेल्या साखरेचेही तसेच, आणि तेथेच माझा वाडा पडला.

दुसरे तूप. खाण्याच्या नानकटाईला तूप सढळ हाताने लागते, त्यावाचून ती खुसखुशीत होत नाही. पण तूप जितके अधिक तितकी नक्षी भट्टीत पसरते, आणि काही महिन्यांत बिस्किटाला खवट वासही येतो. म्हणून शोभेच्या बिस्किटांचे प्रमाण वेगळे ठेवावे. मैदा दोन वाट्या, पिठीसाखर पाऊण वाटी, तूप अर्धी वाटी, चवीपुरते मीठ आणि वेलदोड्याची पूड. खाण्याचा सोडा किंवा बेकिंग पावडर मुळीच घालू नये. त्याने बिस्किट फुगते आणि कडा मोडतात. गोळा बांधण्यापुरते गार पाणी चमच्या-चमच्याने घालावे. दूध घालू नये. पीठ घट्ट मळून अर्धा तास थंड जागी झाकून ठेवावे. मग पाव इंच जाडीची पोळी लाटून आकार कापावेत. टांगावयाचे असतील तर भोक आताच पाडावे. भाजल्यावर पाडू गेल्यास बिस्किट तडकते.

कापलेले आकार पुन्हा गार करून मगच भट्टीत घालावेत, म्हणजे कडा धारदार राहतात. ओव्हन असल्यास १६० अंश सेल्सिअसवर वीस ते पंचवीस मिनिटे लागतात. कडा किंचित बदामी झाल्या की उष्णता १०० अंशांवर आणून आणखी तासभर वाळू द्यावीत. हे दुसरे वाळवणे पुष्कळजणी टाळतात, आणि टिकाऊपणा तर सारा त्यातच आहे. बाहेर काढून पूर्ण निवल्यावर एक बिस्किट मोडून पाहावे. 'टक्' असा आवाज आला पाहिजे. मधोमध मऊ वाटल्यास सर्व पुन्हा आत घालावीत.

आता वरची नक्षी. पिठीसाखर पातळ मलमलीतून दोनदा चाळावी. एक खडा राहिला तरी कागदाच्या शंकूचे टोक बुजते. अंड्याचा पांढरा बलक चालत असेल त्यांनी त्यात साखर घोटावी. तो वाळल्यावर चिनी मातीसारखा कडक होतो. मात्र खावयाच्या बिस्किटांवर कच्चे अंडे नको. बाजारात वाळवलेल्या बलकाची भुकटी मिळते ती घ्यावी. ज्यांच्याकडे अंडे चालत नाही त्यांनी लिंबाच्या रसाचे काही थेंब आणि अगदी थोडे पाणी घालून साखर घोटावी. तीही वाळते, फक्त वेळ अधिक घेते. रेघ काढावयास घट्ट आणि आत भरावयास किंचित सैल, अशी दोन भांडी वेगळी ठेवावीत. पांढऱ्या भागावर लाल किंवा हिरवी रेघ ओढावयाची असेल तर पांढरा भाग आधी रात्रभर वाळू द्यावा, नाहीतर रंग पसरतो. भिंती जोडावयासही हीच घट्ट साखर वापरावी. तिला वेळ लागतो, आधार द्यावा लागतो, पण दमट हवेत ती वितळविलेल्या साखरेपेक्षा पुष्कळ बरी टिकते.

तिसरा शत्रू उजेड. हळदीचा पिवळा रंग सुरेख दिसतो, पण उन्हात काही दिवसांत उडतो. बिटाचा रंग भट्टीत तपकिरी होतो. तो वरच्या साखरेत घालावा, पिठात नको. उन्हाने रंग जातात आणि तूपही लवकर खवट होते. म्हणून ताट खिडकीशी मांडू नये, आणि वाळवावयाचे म्हणून रंगविलेली बिस्किटे उन्हात ठेवू नयेत.

चौथी किडामुंगी. मेजाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, हा आजीचा उपाय अजून कोणी मागे टाकलेला नाही. मेजाचे कापड मात्र जमिनीला टेकू देऊ नये, नाहीतर मुंग्यांना तोच जिना. पिठातील सोंडे आणि भुंगे यांची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून मैदा ताजा आणि चाळलेला घ्यावा. बिस्किटांजवळ डांबराच्या गोळ्या किंवा मुंग्यांचा खडू कधीही ठेवू नये. ते विष आहे, आणि बिस्किट हे मुलांच्या हाताला येणारे आहे.

ठेवण्याची रीत अशी. प्रत्येक बिस्किट वेगळ्या बटर कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात उभे न ठेवता आडवे ठेवावे. तळाशी कोरडे भाजून निवविलेले तांदूळ फडक्यात बांधून ठेवावेत. औषधांच्या बाटल्यांत ओल शोषणाऱ्या पुड्या येतात तसल्या विकतही मिळतात. त्या वापरल्यास मुलांपासून जपाव्यात. डबा फ्रिजमध्ये ठेवू नये. बाहेर काढताच गार बिस्किटांवर दव जमते आणि सारी नक्षी ओघळते. हलव्याचे दागिने जपून ठेवावयाचे असतील तर त्यांनाही हीच रीत लागू आहे. प्रवासात वाडा उभा करून नेऊ नये. भिंती सुट्या न्याव्यात आणि मांडवात जोडाव्यात. मी सांगते म्हणून ऐका, ही विद्या मला फार महागात पडली आहे.

अशी बिस्किटे तीन-चार आठवडे खाण्यास चांगली राहतात. पुढे आठवण म्हणून वर्षानुवर्षे ठेवता येतील, पण खाण्यास देऊ नयेत.

आता त्या व्हार्निशाकडे येते. उत्तर क्रोएशियात 'लित्सितार' नावाची लाल, हृदयाच्या आकाराची बिस्किटे करतात. लग्नात आणि जत्रेत ती आठवण म्हणून देतात. कित्येकांवर मधोमध छोटा आरसा बसविलेला असतो. पीठ, साखर, पाणी, सोडा आणि मसाले हे त्यांतील घटक. साच्यात घालून भाजायचे, वाळवायचे आणि रंगवायचे. २०१० साली युनेस्कोने ही कला मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ती भिंतीवर टांगली जातात तरी रंग खाण्याचाच वापरतात. आपल्याच देशात बंगालच्या मेदिनीपूर भागात 'गयना बडी' करतात. उडदाची डाळ वाटून, फेसून, कापडाच्या पुरचुंडीतून खसखशीच्या थरावर दागिन्यांसारखी नक्षी सोडतात आणि थंडीच्या उन्हात वाळवितात. रवींद्रनाथ ठाकुरांनीही तिचे कौतुक केले होते. एवढी सुंदर वस्तू, पण शेवटी तळून पानातच वाढली जाते. आपले वळवट, आपला हलवा हेही असेच. म्हणजे जुन्या बायकांचा नियम सगळीकडे एक दिसतो: शोभा करावी, पण अन्नाचे अन्नपण घालवू नये.

ज्यांना वर्षानुवर्षे टिकणारी वस्तूच हवी आहे त्यांनी सरळ मिठाची कणीक घ्यावी. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि लागेल तसे पाऊण ते एक वाटी पाणी. आकार करून मंद आचेवर काही तास वाळवावेत, रंगवावेत आणि दोन्ही बाजूंनी व्हार्निश द्यावे. पण ती वस्तू खेळण्यांत धरावी, अन्नात नाही. ती खाण्याच्या ताटात मांडू नये, मुलांच्या हाताला येईल तेथे ठेवू नये, आणि तिच्यावर साखरेचा कणही नसावा. गोड आणि विषारी एकाच वस्तूत नको. माझ्या घरात हा नियम झाला. मंडळाच्या प्रदर्शनातही तो व्हावा अशी माझी विनंती आहे.

शेवटची गोष्ट थोडी कडू आहे, पण सांगते. रुखवत ही मुळात बाईच्या हातची हौस. लेकीच्या आईने, मावशीने, काकूने, शेजारणीने मिळून केलेली. अलीकडे त्याच मेजावर भांड्यांचे संच, कपाटे आणि यंत्रे येऊन बसतात, आणि पाहणाऱ्यांचे डोळे बिस्किटांवरून सरकून किंमत मोजू लागतात. हुंड्याला बंदी करणारा कायदा १९६१ साली झाला. मागून घेतलेली वस्तू फुलांनी सजविली, तरी ती हौस होत नाही. मुलाकडच्या बायकांनी "रुखवतात काय काय आहे?" असे विचारण्याऐवजी "कोणी केले?" असे विचारावे. एवढ्या एका प्रश्नाने कितीतरी आयांच्या जिवाचा घोर कमी होईल.

आणि ज्या भगिनी हे काम मागणीवरून करून देतात, त्यांच्या मेहनतीचे मोल आपणच ओळखले पाहिजे. आपल्या दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभे केले, निराधार बायकांना विणकाम, छपाई असे उद्योग शिकविले आणि १९२२ साली तेथेच देह ठेवला. बाईच्या हातातील कसब हे तिच्या पोटाचे साधन होऊ शकते, हे त्यांनी या मातीत दाखवून दिले. एका ताटाच्या नक्षीला दोन दोन दिवस लागतात, "साखर-मैद्याचे काय एवढे पडते?" असे म्हणून घासाघीस करू नये. विकणाऱ्या भगिनींनीही २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी करावी, परवानगी असलेलेच रंग वापरावेत आणि डब्यावर केल्याची तारीख लिहावी.

एक सूचना मांडून संपविते. येत्या पौषात आपल्या मंडळात ज्यांना हलवा आणि पाच वळवटे येतात त्यांनी दोन दुपारी बसून तरुण मुलींना शिकवावे, आणि मुलींनी आम्हांला बिस्किटांवरील नवी नक्षी दाखवावी. परात मी आणीन.

माझ्या भाचीच्या त्या रुखवताचा वाडा पडला. त्याचे आता हसू येते. त्या मुलाची आठवण झाली की मात्र अजून छातीत धस्स होते. तुम्हांपैकी कोणावर तशी वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हे सारे बोलले.